बेळगावची फौंड्री: कच्चं कास्टिंग विकायचं की मशिन मारून द्यायचं?

मच्छे_लाइन

नमस्कार मंडळी. उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती आणि सीमेपलीकडचं शिनोळी या टापूतल्या लहान फौंड्र्यांबद्दल विचारतो. महिन्याला ४०-५० टन ग्रे आयर्न (करडं ओतीव लोखंड), बहुतेक पंप, व्हॉल्व्ह आणि हायड्रॉलिकचे जॉब. गिऱ्हाईक कोल्हापूर, पुणे, बंगळूरचं. माल किलोच्या भावानं जातो, मशिनिंग त्यांच्या दारात होतं आणि खरी किंमत तिथं वाढते. ती वाढ बेळगावातच राहावी, इथल्या पोरांना इथंच सीएनसीवर काम मिळावं, हे सगळ्यांना पटतंय. पण कर्ज काढून दोन व्हीएमसी (सीएनसीवर चालणारी उभी मिलिंग मशिनं) बसवायच्या आधी काय काय तपासायचं? आकड्यांसकट लिहा.

भट्टीकाका

आधी एकच आकडा काढा: मशिनिंग झाल्यावर उघडं पडलेलं रिजेक्शन. फेटलिंगला (ओतलेला नग तोडून-घासून साफ करताना) बाजूला काढलेला नग परत भट्टीत जातो, त्याचं नुकसान वीज आणि मजुरीपुरतं. गिऱ्हाइकाच्या मशिनवर चौथ्या ऑपरेशनला छिद्र दिसलं की हिशोब पार बदलतो.

समजा १० किलोची व्हॉल्व्ह बॉडी आहे, दर ११० रुपये किलो, म्हणजे नग ११०० रुपये. त्यांचं मशिनिंग नगाला ७०० रुपये. १०० नग गेले आणि ६ मशिनिंगनंतर बाद झाले. कास्टिंगचे ६६०० कापले जातात, वर मशिनिंगची ४२०० रुपयांची डेबिट नोट येते. एकूण १०,८०० रुपये, आणि विक्री १,१०,००० ची. म्हणजे रिजेक्शन ६ टक्के, पण गेले जवळजवळ १० टक्के. भाड्याचा आणि परत आलेल्या भंगाराचा हिशोब यात धरलेला नाही.

आता हेच मशिनिंग तुमच्या शेडमध्ये आलं तर डेबिट नोट येणार नाही, पण ते ७०० रुपये तुमच्याच खिशातून जाणार. शिवाय बँकेचा हप्ता. म्हणून मशिनिंगनंतरचं रिजेक्शन २ टक्क्यांच्या आत येईपर्यंत पूर्ण मशिनिंगला हात घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधली वाट आहे: प्रूफ मशिनिंग. पूर्ण जॉब न करता मुख्य फेस (सपाट बाजू) आणि एक बोअर (भोक) तेवढा रफ मारून घ्यायचा. छिद्र, वाळू, हार्ड स्पॉट (कडक पडलेला भाग) यातले बरेच दोष पहिल्या २ मिलिमीटरमध्येच दिसतात. जुन्या लेथवर आणि रेडियल ड्रिलवर हे काम होतं. दोषी नग त्याच आठवड्यात भट्टीत परत आणि कारणही ताजं असताना सापडतं. तीन महिन्यांनी पुण्याहून परत आलेल्या नगावरून त्या दिवशी वाळू कशी होती हे कुणालाच सांगता येत नाही.

वाळूपारखी

काकांशी सहमत. मी सगळं वाळूवरच लिहितो, कारण आपल्याकडच्या दोषांचं मूळ बहुतेक वेळा तिथंच असतं, आणि पावसाळ्यात तर जास्तच.

ग्रीन सँडसाठी (माती आणि पाण्यानं बांधलेली मोल्डची वाळू) साधारण एवढं सांभाळा: ओल ३.२ ते ३.८ टक्के, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दबते) ३८ ते ४२ टक्के, परमिॲबिलिटी (वाळूतून वायू किती जातो) १२० ते १६०, ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद) १२०० ते १५०० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, ॲक्टिव्ह क्ले (अजून चिकटणारी माती) ७ ते ९ टक्के. हाताच्या मोल्डिंगला आणि हाय-प्रेशर लाइनला हे थोडं खाली-वर होईल. पण ओल एकटी बघून निर्णय घेऊ नका. ओल ३.५ आहे आणि कॉम्पॅक्टेबिलिटी ३२ वर घसरली, तर वाळूत बारीक धूळ आणि मेलेली क्ले साठली आहे. तिथं पाणी वाढवलं की कॉम्पॅक्टेबिलिटी येते खरी, पण ती जादाची ओल मोल्डमध्ये वाफ होऊन ब्लोहोल (वायूचं छिद्र) देते. त्या वेळी नवी वाळू आणि बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती) घालायचं, पाणी नव्हे.

दुसरी गोष्ट गरम वाळू. शेकआउटनंतर (मोल्ड फोडून नग काढल्यावर) परत येणारी वाळू ४५ अंशांच्या वर असली की मुलरमध्ये (वाळू मळायच्या यंत्रात) बेंटोनाइट नीट भिजत नाही. मुलरला बरोबर वाटलेली वाळू मोल्डिंग मशिनपर्यंत जाईस्तोवर सुकते. मोल्डच्या कडा झडतात आणि तीच वाळू कास्टिंगमध्ये शिरते. गरम मोल्डमध्ये थंड कोअर (आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) ठेवला तर कोअरवर दव धरतं. दुसऱ्या पाळीत वाळू बिघडते अशी तक्रार ऐकू येते, तिच्यामागं बहुधा हेच असतं: मोल्डिंगचा वेग तोच, पण वाळूला थंड व्हायला वेळच उरलेला नसतो. वाळू आणि धातूचं प्रमाण ५ ला १ असेल तर हा त्रास होणारच, ७ ला १ च्या पुढं गेलं की कमी होतो. साधा उपाय म्हणजे शेकआउटनंतरच्या बेल्टवर थोडं पाणी मारून वाळू उलटीपालटी करायची, वाफेबरोबर उष्णता निघून जाते.

पिरनवाडी_टर्नर

वाळूपारखी साहेब, हायड्रॉलिक बॉडी प्रेशर टेस्टला गळते त्याचं काय? बाहेरून नग स्वच्छ, मशिनिंगलाही काही दिसत नाही, आणि टेस्ट बेंचवर तेल पाझरतं.

भट्टीकाका

त्याचं उत्तर वाळूत कमी आणि धातूत जास्त आहे, म्हणून मी लिहितो.

गळती कुठं होते ते आधी खडूनं खूण करून ठेवा. दहा नग एकाच जागी गळत असले, तर तो त्या जागेचा जाडपणा आहे: बॉस (जाड उंचवटा) आणि भिंत जिथं मिळतात तिथं धातू शेवटी गोठतो आणि आतून पोकळ राहतो. तिथं चिल (धातू लवकर गोठवणारा लोखंडी तुकडा) लावा, नाहीतर रायझरची (गोठताना जादा धातू पुरवणाऱ्या साठ्याची) जागा बदला. जागा दर नगाला वेगळी असली तर केमिस्ट्री बघा. एफजी २६० या ग्रेडला कार्बन ३.२५ ते ३.३५ टक्के, सिलिकॉन १.९ ते २.१, म्हणजे सीई (कार्बन अधिक सिलिकॉनचा तिसरा हिस्सा) साधारण ३.९५ च्या आसपास. फॉस्फरस हायड्रॉलिकच्या जॉबला ०.०८ च्या खालीच ठेवा, नाहीतर दाण्यांच्या सांध्यात बारीक पोकळ्या राहतात आणि तेल तिथूनच वाट काढतं.

स्टील स्क्रॅप जास्त वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. पहिली गंधक. इंडक्शन भट्टीत स्टील स्क्रॅपवर केलेल्या धातूत गंधक ०.०५ च्या खाली गेलं की इनॉक्युलेशन (ओतण्याआधी धातूची घडण सुधारायला घातलेली पूड) लागत नाही आणि पातळ कडा पांढऱ्या पडतात. ०.०६ ते ०.१० ठेवा, आणि मँगनीज त्याच्या १.७ पट अधिक ०.३. गंधक ०.०८ असेल तर मँगनीज ०.४४ च्या जवळ. दुसरी गोष्ट नायट्रोजन. कार्बन वाढवायला घातलेला कोक स्वस्तातला असला आणि कोअर शेलचे (रेझिन लावलेल्या वाळूचे) असले, तर दोन्हीकडून नायट्रोजन येतो. ०.०१ टक्क्याच्या आसपास पोचला की जाड भागात चिरांसारखी उभी छिद्रं दिसू लागतात. तिथं कमी नायट्रोजनचा ग्राफाइट घ्या.

इनॉक्युलंट मापानं घाला की ओ. ३०० किलोच्या लॅडलला (धातू ओतायच्या भांड्याला) ०.३ टक्के म्हणजे ९०० ग्रॅम. मूठभर टाकलं की कधी ६०० पडतं, कधी दीड किलो. आणि घातल्यावर ८-१० मिनिटांत ओतून मोकळं व्हा, पुढं त्याचा असर उतरतो. शेवटच्या बॉक्सचा नग ड्रिलला कडक लागतो, त्याचं कारण हेच.

टेस्टबद्दल एक ताकीद: जास्त दाबाची टेस्ट हवेवर कधीही करू नका. कमी दाबाला हवा आणि पाण्याची टाकी चालते, बुडबुडे दिसतात. कामाच्या दाबाच्या दीडपट टेस्ट तेलावर किंवा पाण्यावरच. दाबलेल्या हवेत नग फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.

खानापूर_रोड

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून: स्क्रॅप उघड्यावर ठेवू नका. ओला किंवा आतून बंद असलेला पाइप वितळलेल्या धातूत गेला की पाण्याची क्षणात वाफ होते, ती मूळ पाण्याच्या दीड हजार पटीहून जास्त जागा मागते आणि भट्टी अंगावर उसळते. आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा सतत ओली. निदान दोन दिवसांचं स्क्रॅप तरी छपराखाली हवं.

मच्छे_लाइन

फार उपयोगी लिहिताय सगळे. विजेचा हिशोबही कुणी मांडला तर बरं.

भट्टीकाका

मांडतो. एक टन धातू वितळवायला ६०० युनिट धरा. शंभर किलो ओतल्यावर ६० किलो कास्टिंग आणि ४० किलो रनर-रायझर निघत असेल, तर एक टन कास्टिंगला १००० युनिट पडतात. त्यात ८ टक्के रिजेक्शन धरलं की १०८७. आता गेटिंग (मोल्डमध्ये धातू जायच्या वाटा) सुधारून यील्ड (ओतलेल्या धातूतलं कास्टिंग) ७० टक्क्यांवर नेलं आणि रिजेक्शन ३ वर आणलं, तर तोच आकडा ८८४ होतो. टनामागं दोनशे युनिटचा फरक. महिन्याला ५० टन म्हणजे दहा हजार युनिट. नवी मशिन न घेता.

यात डिमांड चार्ज (महिन्यातल्या सर्वांत जास्त पॉवरवरचा आकार) वेगळा. दोन भट्ट्या एकाच वेळी पूर्ण पॉवरवर घेतल्या की त्या थोड्या मिनिटांची सरासरी महिन्याच्या बिलावर बसते. भट्टीवाल्या दोघांनी एकमेकांना विचारून पॉवर चढवायची, एवढी शिस्त पुरते. आणि धातू तयार झाल्यावर मोल्डची वाट बघत १५०० अंशांवर धरून ठेवू नका. वीज जाते आणि धातूही बिघडतो, कडा पांढऱ्या पडायचं प्रमाण वाढतं.

पिरनवाडी_टर्नर

आता मशिनिंगच्या बाजूनं लिहितो, कारण फौंड्रीवाले व्हीएमसी घेतात आणि फिक्श्चरवर (मशिनवर नग पकडायच्या साधनावर) अडकतात.

कच्च्या कास्टिंगचा पहिला सेटअप म्हणजे अर्धी लढाई. तळाला तीन टेकू, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. हे सहा बिंदू ड्रॉइंगवर ठरलेले असावेत, आणि फौंड्रीतल्या तपासणीलाही तेच बिंदू वापरावेत. आपल्याकडं गडबड अशी होते: टेकू नेमका पार्टिंग लाइनवर (मोल्डचे दोन अर्धे मिळतात त्या रेघेवर) येतो. तिथं फेटलिंगवाल्यानं एका नगाला ग्राइंडर जास्त मारला, दुसऱ्याला कमी. नग तिरका बसतो, बोअर एका बाजूला सरकतो, एका भिंतीला माल उरत नाही. इनगेट (धातू आत शिरायची वाट) तोडलेल्या जागेवरही टेकू नको. शक्यतो सगळे बिंदू पॅटर्नच्या (ज्यावरून मोल्ड घडतो त्या नमुन्याच्या) एकाच अर्ध्यात घ्या, म्हणजे वरचा-खालचा बॉक्स अर्धा मिलिमीटर सरकला तरी संदर्भ हलत नाही. बोअर कोअरनं होत असेल तर निदान एक बिंदू कोअरनं तयार झालेल्या पृष्ठावर ठेवा.

मशिनिंगसाठी माल २ ते ३ मिलिमीटर सोडा. हार्ड स्पॉटच्या भीतीनं ५ सोडतात, पण मग प्रत्येक नगाला वेळ वाढतो आणि जाड झालेल्या भागात पोकळीही वाढते.

आणि कास्टिंगवर चिकटलेली वाळू नीट साफ करून द्या. इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याची) धार पहिल्या दोन नगांत जाते ती वाळूनं, लोखंडानं नव्हे. हायड्रॉलिक बॉडीच्या आतल्या वाटांत राहिलेली वाळू तर पंपच खाते. शॉट ब्लास्टिंगनंतर (लोखंडी छर्रे मारून साफ केल्यावर) आत दिवा घालून किंवा एंडोस्कोपनं बघा, आतले शॉटही झटकून काढा.

माणसांचं म्हणाल तर बेळगावात सीएनसीवर हात बसलेली पोरं आहेत. जीटीटीसीतून (सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्रातून) शिकून निघतात, हत्तरगीच्या एअरोस्पेस सेझमुळं (विशेष आर्थिक क्षेत्रामुळं) मायक्रॉनची सवयही या भागाला लागली आहे. तिथलं काम ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि स्टीलचं, आपलं ग्रे आयर्न तिथं खपणार नाही, हे फौंड्रीवाल्यांनी ध्यानात ठेवावं. पण तिथली कामाची पद्धत शिकलेला ऑपरेटर आपल्या शेडमध्ये टिकवायचा असेल, तर त्याला गेज, सीएमएम (अचूक मोजमापाचं यंत्र) आणि वेळेवर पगार द्यावा लागतो.

घटप्रभाकाठ

चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक हा सगळा साखरेचा पट्टा. त्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. गाळप थांबलं की दुरुस्ती सुरू: ऊस पिळणारे रोलर, बेअरिंग हाउसिंग, पंपाचे केसिंग, इंपेलर, कन्व्हेयरचे भाग. पुण्याच्या गाड्यांच्या ऑर्डरी पातळ झाल्या की हे काम हात देतं, आणि गिऱ्हाईक जिल्ह्यातच. मात्र सगळ्यांची घाई एकदम येते आणि माल सप्टेंबरच्या आत हवा असतो, म्हणजे बरोबर तुमच्या ओल्या वाळूच्या दिवसांत.

भट्टीकाका

रोलरला मात्र आपल्या रोजच्या ग्रेडनं हात लावू नका. रोलर शेलला (रोलरच्या बाहेरच्या कवचाला) मुद्दाम भरड दाण्याचं लोखंड लागतं, म्हणजे झिजतानाही पृष्ठ खरबरीत राहून ऊस पकडतं. बारीक दाण्याचं मजबूत लोखंड तिथं गुळगुळीत होऊन घसरतं. शिवाय वजन टनांत, तेवढी भट्टी आणि क्रेन हवी. लहानांनी पंप आणि हाउसिंग धरावं.

खातेवही

मशिनिंगचा मुद्दा पैशाशी कुठं जोडला जातो ते सांगते.

उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानं उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. आयकराचा नियमही आहे (१९६१ च्या कायद्यात तो ४३बी(एच) कलमात होता): मुदतीत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळते. म्हणून मार्चमध्ये फोन लावण्यापेक्षा प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि 'सूक्ष्म' की 'लघु' हे छापून घ्या. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत: लघु म्हणजे यंत्रसामग्रीत २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल. दोन व्हीएमसी घेतल्यानं तुम्ही लघुच्या बाहेर जाणार नाही, ही भीती काढून टाका. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर नोंदणी बंधनकारक आहे. तिथं त्यांनी बिल मान्य केलं की बँक तुम्हाला आधी पैसे देते.

खरी गोम डेबिट नोटेत आहे. मालाबद्दलची लेखी हरकत १५ दिवसांत आली नाही तर माल स्वीकारला असं कायदा मानतो. कास्टिंगच्या पोटातला दोष तीन महिन्यांनी दिसतो, आणि तेव्हा गिऱ्हाईक पुढच्या बिलातून परस्पर कापून घेतं. यावर भांडण्यापेक्षा ऑर्डर घेतानाच तीन वाक्यं लिहून घ्या: कास्टिंगच्या दोषाचा दावा किती दिवसांत, मशिनिंगचा खर्च कोणत्या ऑपरेशनपर्यंत मान्य, आणि बाद नग परत पाठवल्याशिवाय डेबिट नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. नग समोर असल्याशिवाय कारण कळत नाही.

सीमेपलीकडं मशिनिंगला पाठवणाऱ्यांसाठी: उद्यमबागेतून शिनोळीला जॉबवर्कसाठी माल गेला तर अंतर थोडं असलं तरी तो दुसऱ्या राज्यात गेला. किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतंच. डिलिव्हरी चलन करा, माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, आणि आयटीसी-०४ (जॉबवर्कचा जीएसटी फॉर्म) भरा: उलाढाल ५ कोटींवर असेल तर सहामाही, नाहीतर वार्षिक. वर्ष उलटून गेलं तर तो माल पाठवल्याच्या दिवशीच विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. रंगाच्या डब्याएवढा एक नमुना नग स्कूटरवरून नेला तरी चलन आणि ई-वे बिल सोबत हवं.

मच्छे_लाइन

ताई, हे कुणी इतकं सुटसुटीत सांगितलं नव्हतं. चार फौंड्र्यांनी मिळून एकच मशिन शॉप काढलं तर कसं? एकेकट्याला दोन व्हीएमसी भरवणं अवघड.

पिरनवाडी_टर्नर

चालतं, पण जॉब एका जातीचे हवेत. चौघांचे व्हॉल्व्ह बॉडी असतील तर एकाच फिक्श्चर पायावर नुसत्या वरच्या प्लेटी बदलून भागतं. एकाचा पंप, दुसऱ्याचा ब्रॅकेट, तिसऱ्याचं गिअर हाउसिंग असं झालं की अर्धा दिवस सेटिंगमध्ये जातो आणि हप्ता तसाच चालू राहतो. आणि कुणाच्या कास्टिंगनं टूल मोडला याचा वाद पहिल्या महिन्यातच उभा राहतो, त्याचा नियम आधी लिहा.

वाळूपारखी

एकत्र यायचंच असेल तर मशिन शॉपच्या आधी वाळूचा प्रश्न हाती घ्या. वापरलेली वाळू टाकायची कुठं हा प्रश्न सगळ्यांचा सारखा आहे. रस्त्याकडेला, ओढ्यात, शेताच्या बांधाला टाकलेली वाळू पावसात वाहते, तिच्यातला रेझिन आणि कोळशाचा अंश विहिरीत उतरतो. या जमिनीवर भात आणि ऊस पिकतो, हे विसरून कसं चालेल? सामायिक रिक्लेमेशनला (वाळू पुन्हा वापरण्याजोगी करायला) कोअरची रेझिनची वाळू आणि ग्रीन सँड वेगवेगळी गोळा करा. रेझिन ७०० अंशांच्या आसपास जळून जातो आणि वाळू पुन्हा कोअरला चालते. दोन्ही एकत्र झाल्या की बेंटोनाइट दाण्याला भाजून चिकटतो, मग त्या वाळूचा कोअर रेझिन जास्त खातो आणि तरी ठिसूळ होतो. वेगळ्या ढिगाऱ्यांना खर्च काही नाही, फक्त दोन ट्रॉल्या आणि एक जबाबदार माणूस.

मच्छे_लाइन

ठरलं. आधी तीन महिने प्रूफ मशिनिंग, रोजची वाळूची नोंद, मग पुढचं. शेवटचं एकच विचारतो: दोष सापडल्यावर तो कुठल्या लॅडलचा हे ओळखायचं कसं? आम्ही तारीख तेवढी टाकतो.

भट्टीकाका

तारीख पुरत नाही, दिवसाला बऱ्याच हीट (भट्टीचे वितळ) होतात. पॅटर्नवर बदलता येणारी आकड्यांची प्लेट बसवा: तारीख, पाळी, हीट. जागा मशिन न होणाऱ्या फेसवर, अक्षर निदान ६ मिलिमीटर उंच आणि अर्धा मिलिमीटर उठावाचं, नाहीतर शॉट ब्लास्टिंगला पुसतं. लॅडलचा नंबर मोल्डवर खडूनं लिहितात तो शेकआउटला जातो, म्हणून ओतणाऱ्यानं बॉक्स नंबर आणि लॅडल वहीत टिपायचं. त्या वहीच्या शेजारच्या रकान्यात त्या तासाची कॉम्पॅक्टेबिलिटी लिहा.